ओल्या कचऱ्याच्या बादलीपासून सुरुवात: उपनगरातल्या फ्लॅटमध्ये साधं घर चालवण्याची रीत

डोंबिवली, बदलापूर, विरार, चिंचवड. दोन-तीन खोल्यांचा फ्लॅट, चार माणसं, त्यातली दोघं नोकरीला, आणि सकाळ लोकलच्या किंवा कंपनीच्या बसच्या वेळेला बांधलेली. अशा घरानं साधेपणानं राहायचं ठरवलं की बहुतेक वेळा आधी बाजार गाठला जातो: बांबूचे ब्रश, काचेच्या बरण्यांचा संच, छापील मजकुराच्या कापडी पिशव्या. हा पैसा सध्या राहू द्या. पहिलं काम ओल्या कचऱ्याचं.

चार माणसांच्या घरात रोज साधारण ७०० ग्रॅम ते १ किलो ओला कचरा निघतो. तो घरातच जिरला की उरलेला कचरा कोरडा राहतो. त्याला वास येत नाही, तो हातात धरता येतो, आणि त्यात काय भरलंय ते उघड दिसतं. किराणा कसा आणायचा, काय बंद करायचं, हे मग त्या कोरड्या ढिगावरूनच ठरवता येतं. म्हणून आधी ओल्या कचऱ्याचं खत करणारी बादली.

बादल्यांची तयारी

रंगाच्या दुकानात किंवा रंगकाम करणाऱ्यांकडे २० लिटरच्या रिकाम्या, झाकणाच्या बादल्या स्वस्तात मिळतात. चार घ्या. तीन खतासाठी, एक सुका पाचोळा ठेवायला. पाण्यात मिसळणाऱ्या रंगाची बादली घ्यावी, ऑइलपेंटची नको. आतला वाळलेला रंग खरवडून बादली धुऊन दोन दिवस उन्हात ठेवावी.

खताच्या तिन्ही बादल्यांना ६ मिलिमीटरच्या ड्रिलनं भोकं पाडा. तळाला ८ ते १०, आणि बाजूंना तळापासून दर १० सेंटिमीटरवर एक ओळ, प्रत्येक ओळीत ८. ड्रिल नसेल तर सळई तापवून पाडता येतात, पण प्लॅस्टिकचा धूर वाईट असतो, त्यामुळे हे काम गच्चीवर करावं. बाजूच्या भोकांना आतून मच्छरदाणीच्या जाळीचे तुकडे चिकटवा. हे कंटाळवाणं काम बरेच जण सोडून देतात आणि पंधरा दिवसांनी घरभर चिलटं झाली म्हणून बादली बंद करतात.

बादली दोन विटांवर ठेवायची आणि विटांच्या मधे जुनी परात सरकवायची. तळाच्या भोकांतून हवा आत जायला हवी आणि गळणारं पाणी परातीत पडायला हवं. खालच्या मजल्यावरच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर एक थेंब जरी पडला तरी विषय सोसायटीच्या सभेत जातो. पावसाची झड येणार नाही आणि भर दुपारचं ऊन लागणार नाही असा कोपरा निवडा.

आता भरणी. तळाला ५ सेंटिमीटर नारळाच्या शेंड्या किंवा बारीक काटक्या. त्यावर ५ सेंटिमीटर सुका पाचोळा. त्यावर विरजण म्हणून साधारण १ किलो तयार कंपोस्ट, म्हणजे ज्यांच्याकडे आधीपासून बादली चालू आहे त्यांच्याकडचं. ते मिळालं नाही तर शेणखत चालतं. तेही नसेल तर वाटीभर आंबट ताकात चमचाभर गूळ कालवून पाचोळ्यावर शिंपडावं. विरजणाशिवायही खत होतं, फक्त सुरुवातीला आठ-दहा दिवस जास्त लागतात.

रोजचं काम

रोज लागणारा वेळ पाच मिनिटांपेक्षा जास्त नाही. भाजी चिरताना निघालेली देठं, साली दोन-तीन सेंटिमीटरच्या तुकड्यांत कापा आणि बादलीत टाकण्याआधी भोकाच्या भांड्यात तासभर निथळू द्या. चहाचा चोथा दुधाचा असेल तर एकदा पाण्यानं धुवा, नाहीतर मुंग्या लागतात. अंड्याची टरफलं हातानं चुरा. देवाच्या निर्माल्यातला दोरा, जरीचा धागा, प्लॅस्टिकची पिशवी काढून फुलं टाका.

टाकलेल्या कचऱ्यावर त्याच्या आकारमानाच्या निम्मा सुका माल पसरायचाच. चार वाट्या साली, तर दोन वाट्या पाचोळा. भाजीपाल्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असतं आणि नत्र (नायट्रोजन) भरपूर. पाचोळ्यात कर्ब (कार्बन) असतो आणि त्याच्यामुळे मधे हवेच्या फटी राहतात. कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंना एका भाग नत्रामागे साधारण २५ ते ३० भाग कर्ब लागतो. तो न मिळाल्यास जादा नत्र अमोनियाच्या रूपानं उडून जातं, म्हणजे नाकात जातं. घरी हे मोजायची गरज नाही. निम्म्याचं माप पाळलं की पुरतं.

आठवड्यातून दोनदा जुन्या उलथन्यानं किंवा खुरप्यानं माल खालीवर करा. हात घातल्यावर मधला भाग कोमट लागला तर काम नीट चालू आहे. ओलावा तपासायला मूठभर माल घट्ट दाबायचा. बोटांतून एखाद-दुसरा थेंब निघाला तर बरोबर. धार लागली तर पाचोळा वाढवा. दाबलेला गोळा उघडताच भुगा झाला तर पाण्याचा हबका मारा.

सुका माल कुठून आणायचा हा खरा अडथळा आहे. पाचोळा फेब्रुवारी-मार्चमध्ये रस्तोरस्ती पडलेला असतो आणि लागतो मात्र पावसाळ्यात, जेव्हा कोरडं पान दृष्टीस पडत नाही. त्यामुळे पानगळीत सोसायटीच्या झाडलोट करणाऱ्यांना सांगून सिमेंटच्या चार-पाच गोण्या भरून, तोंड बांधून जिन्याखाली ठेवाव्यात. ती पानं जाळली जाण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं. पर्जन्यवृक्ष, गुलमोहर, सोनमोहर यांची बारीक पानं उत्तम. आंबा, फणस, बदाम यांची जाड पानं पायानं तुडवून चुरा करावीत. निलगिरीची आणि सुरूच्या झाडाची पानं टाळा. गोण्या ठेवायला जागाच नसेल तर नर्सरीतून कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाची, ५ किलोची वीट आणा. ती भिजून सत्तर लिटरच्या आसपास होते. मात्र तिला ओली गच्च करू नका. थोड्या पाण्यानं भुसभुशीत करून जवळजवळ कोरडीच वापरा, कारण तिचं काम पाणी शोषण्याचं आहे. सुताराकडचा लाकडाचा भुसा चालतो, पण प्लायवूडचा आणि एमडीएफचा भुसा कधीच नको, त्यात सरस आणि रसायनं असतात.

चार माणसांच्या कचऱ्यानं एक बादली साधारण पंचवीस दिवसांत भरते. भरली की वर पाचोळ्याचा जाड थर देऊन बाजूला ठेवा आणि दुसरी सुरू करा. तिसरी भरेपर्यंत पहिलीला पन्नास दिवस मिळालेले असतात. तेवढ्यात खत चहाच्या पावडरीसारखं गडद, मोकळं होतं आणि पहिल्या पावसातल्या मातीसारखा वास येतो. वाळूच्या चाळणीनं चाळा. वर उरलेले जाड तुकडे पुढच्या बादलीत विरजण म्हणून जातात. शंका असेल तर एका वाटीत हे खत निम्म्या मातीत मिसळून मोहरीचे दहा-वीस दाणे पेरा. चार-पाच दिवसांत बहुतेक उगवले तर खत पिकलंय. उगवलेच नाहीत, तर आणखी पंधरा दिवस थांबा.

काय बिघडतं आणि का

सडक्या अंड्यासारखा वास आला तर आत हवा नाही. बादली जुन्या चादरीवर रिकामी करा, गठ्ठे फोडा, दोन बादलीझाकणं भरून पाचोळा मिसळा आणि परत भरा. दुसऱ्या दिवशी वास गेलेला असतो. डोळ्यांत झोंबणारा वास आला तर नत्र जास्त झालं, बहुधा डाळीचा किंवा चहाचा चोथा एकदम पडला. उपाय तोच, पाचोळा. आंबूस वास शिळ्या भातानं किंवा लिंबाच्या सालींच्या ढिगानं येतो. भात पसरून टाका, गोळा करून नको.

पांढरी बुरशी दिसली तर हात लावू नका, ती कामाला आलेली आहे. चिलटं झाली तर वरचा पाचोळ्याचा थर तीन सेंटिमीटर करा. केळ्याच्या साली थेट वर टाकू नका, खाली दाबा. मुंग्या म्हणजे माल कोरडा पडलाय.

पावसाळ्यात बोटाच्या पेराएवढ्या, चपट्या, करड्या अळ्या दिसतात आणि त्या पाहून बरीच घरं बादली उचलून कचराकुंडीत रिकामी करतात. या काळ्या सैनिक माशीच्या अळ्या. ही माशी घरातल्या माशीसारखी अन्नावर बसत फिरत नाही, चावत नाही, आणि तिच्या अळ्या कचऱ्याचा फडशा पाडतात. त्या नकोच असतील तर ओलावा कमी करा आणि वरचा थर पाच सेंटिमीटरचा ठेवा. फिनेल, कीटकनाशक, ब्लीच यांतलं काहीही बादलीत ओतू नका. अळ्यांबरोबर जिवाणूही मरतात आणि सगळा माल सडायला लागतो.

मासे खाणाऱ्या घरांत कोलंबीची टरफलं आणि डोकी यांचा प्रश्न येतोच. पहिले दोन महिने ती टाकू नयेत. बादली चांगली तापायला लागल्यावर एका वेळी मूठ-दोन मुठी, मधोमध खड्डा करून, वर चार बोटं पाचोळा. तळमजल्यावर उंदीर असतील तर मासळी टाकूच नका, आणि बादलीला तळाशी पत्र्याची बारीक जाळी बसवा. तेलकट रस्सा, दूध, तूप कायमचं वर्ज्य. आंब्याच्या कोयी, करवंट्या, कणसाचे बुडखे आणि फणसाचं चारखंड (गरे काढल्यावर उरलेली साल) वेगळं ठेवा. कोय कुजायला वर्ष लागतं. आंब्याच्या दिवसांत सालींमुळे कचरा दुप्पट-तिप्पट होतो, त्यासाठी एप्रिलमध्येच एक गोणी पाचोळा राखून ठेवलेला असावा.

परातीतलं पाणी स्वच्छ, मातकट वासाचं असेल तर दहापट पाण्यात घालून झाडांना द्या. घाण वास येत असेल तर शौचालयात ओता, झाडांना देऊ नका.

खताचं काय करायचं

महिन्याच्या २५ किलो कचऱ्यातून चार-पाच किलो खत हाती येतं. एक भाग माती, एक भाग खत, एक भाग कोकोपीट हे कुंडीचं मिश्रण. चालू कुंडीला महिन्यातून दोन मुठी. उरलेलं सोसायटीच्या झाडांना द्या. बागेत खत दिसलं की शेजारचे विचारायला येतात, आणि पुढच्या तीन बादल्या त्यांच्या घरी सुरू होतात.

गॅलरीतून घराची भाजी निघेल ही आशा ठेवू नये. फळभाजीला रोज सहा तास ऊन लागतं आणि बहुतेक गॅलऱ्यांना ते मिळत नाही. निघतं ते रोज दहा-वीस रुपयांना प्लॅस्टिकच्या पिशवीतून येणारं: कढीपत्ता, पुदिना, गवती चहा, मिरची, पानओवा. तीन-चार तास ऊन असेल तर मेथी आणि पालक. उत्तरेकडच्या, ऊन न लागणाऱ्या गॅलरीत अळू आणि पुदिना टिकतात. कोथिंबिरीसाठी किराण्यातलेच धणे पोळपाटावर लाटण्यानं हलके दाबून दोन दलं करावीत, रात्रभर भिजवून पेरावेत. उगवायला दहा ते पंधरा दिवस लागतात, तोवर लोक धीर सोडतात आणि कुंडीत दुसरं काही लावतात. ऑक्टोबर ते फेब्रुवारी तिचा खरा काळ. मे महिन्यात लावली तर चार पानांवर फुलोऱ्याला येते.

गणपतीची मूर्ती शाडूची, नऊ इंचांच्या आतली आणली तर विसर्जन घरच्या बादलीत होतं. मूर्तीचा गाळ कुंड्यांतच जातो, पण थेट नाही. शाडू फार चिकण असतो, त्यात पाणी तुंबून मुळं कुजतात. वाळवून, फोडून, चार भाग माती-खताला एक भाग शाडू एवढाच मिसळा. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तीला हे लागू नाही, ती पाण्यात विरघळत नाही.

पंधरा दिवसांचं गोणपाट

बादली रुळली की दुसरं काम. दाराच्या मागे एक रिकामं गोणपाट टांगा आणि पंधरा दिवस घरात येणारं प्रत्येक वेष्टन धुऊन, वाळवून त्यात टाका. दुधाच्या पिशव्या, तेलाचे पाऊच, बिस्किटांचे पुडे, ऑनलाइन मागवलेल्या वस्तूंची खोकी, हॉटेलातून आलेले डबे. पंधराव्या दिवशी जमिनीवर ओतून प्रकारवार ढीग लावा. मुलांना बरोबर घ्या, त्यांना हे आवडतं आणि ती हिशोबात मोठ्यांपेक्षा कडक असतात. सगळ्यात मोठा ढीग कोणता ते पाहा आणि पुढच्या पंधरवड्यात फक्त तेवढाच कमी करा. सगळं एकदम बदलायला गेलं की तिसऱ्या आठवड्यात घर जुन्या मार्गाला लागतं.

दुधाची पिशवी फोडताना कोपऱ्याचा तुकडा पूर्ण कापून वेगळा करू नका. तो इवलासा तुकडा कुणीच वेचत नाही, तो गटारात जातो. चीर द्या, तुकडा पिशवीलाच राहू द्या. धुतलेल्या दुधाच्या पिशव्या भंगारवाला घेतो. वेफर्सची आतून चंदेरी पाकिटं तो घेत नाही, कारण त्यात प्लॅस्टिक आणि धातूचे थर एकमेकांना चिकटलेले असतात आणि ते सुटे करणं परवडत नाही. अशी वस्तू विकत न घेणं हाच तिचा उपाय, दुसरा नाही.

२०१६ च्या घनकचरा नियमांपासून कचरा घरातच वेगळा करणं बंधनकारक आहे. वापरलेले पॅड आणि डायपर जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल ठिपका काढावा. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेनं ही मोहीम चालवली. कचरा वेचणारीला पुडकं न उघडता आत काय आहे ते कळतं, आणि तिचा हात सुरक्षित राहतो. कचरा वेचणाऱ्या बाईलाही हात असतात एवढं लक्षात ठेवलं की फुटलेली काच, ब्लेड, इंजेक्शनची सुई उघडी टाकणं आपोआप बंद होतं.

धान्य: वर्षाचं नको, तीन महिन्यांचं

गोणपाटातल्या ढिगात पीठ, डाळ, तांदूळ यांच्या पिशव्या बऱ्याच असतात. उपाय जुनाच आहे, फक्त फ्लॅटच्या मापाचा करायला हवा. वर्षाचा गहू भरायला कोठीघर लागतं. चार माणसांना महिन्याला साधारण १० ते १२ किलो गहू आणि ५ ते ६ किलो तांदूळ लागतो, म्हणजे तीन महिन्यांचे दोन डबे पलंगाखाली मावतात.

धान्यात किडे होतात ते ओलाव्यामुळे. गव्हाचा दाणा दाताखाली 'कट्' असा फुटला पाहिजे. नुसता चेपला गेला तर तो भरायच्या लायकीचा नाही. दोन दिवस जुन्या साडीवर उन्हात पसरा आणि मग रात्रभर सावलीत गार होऊ द्या. गरम धान्य डब्यात भरून झाकण लावलं की आत वाफ धरते, आणि एवढे कष्ट करून वाळवलेल्या धान्याला आपणच पाणी घालतो. कडुलिंबाचा पाला घालायचा तर पूर्ण वाळलेला. हिरवा पाला ओलावा आणतो. तूर, मूग या कडधान्यांना हाताला एरंडेल लावून चोळतात, त्यानं भुंगा लागत नाही. पावसाळ्याचा साठा मे अखेरच्या उन्हात वाळवून भरलेला असावा. जून ते सप्टेंबर गिरणीतून पंधरा दिवसांपुरतंच पीठ आणावं, जास्त आणलं तर जाळी धरते.

तेलाचा पाच लिटरचा स्टीलचा डबा घेऊन जवळच्या लाकडी घाण्यावर जा. हे तेल महाग पडतं. परवडत नसेल तर पाऊचऐवजी मोठा डबा घ्या, वेष्टन तरी कमी होतं.

गॅस

कडधान्य आठ-दहा तास भिजवा, कुकर वापरा, शिटी झाल्यावर आच बारीक करा. वरण आणि भात एकाच कुकरात दोन भांड्यांत लावा. ज्योत भांड्याच्या बुडाबाहेर आली तर तेवढा गॅस स्वयंपाकघर तापवायला गेला. ज्योत पिवळी दिसली तर बर्नरची भोकं सुईनं साफ करा.

खरी बचत गोधडीत आहे. भात जाड बुडाच्या, घट्ट झाकणाच्या भांड्यात उकळायला लागल्यावर पाच मिनिटं शिजवा, गॅस पूर्ण बंद करा, भांडं खाली उतरवून जुन्या गोधडीत सगळीकडून गुंडाळा आणि पाऊण तास उघडू नका. भात आतल्या उष्णतेवर शिजतो. पाणी नेहमीपेक्षा थोडं कमी, कारण वाफ उडत नाही. भांडं निम्म्याहून जास्त भरलेलं असावं, थोड्या पदार्थात उष्णता टिकत नाही. दोन गोष्टी पाळायच्याच. गोधडी पेटत्या शेगडीजवळ नको. आणि शिजलेलं अन्न दोन तासांत खायचं किंवा फ्रीजमध्ये ठेवायचं, कारण ६० अंशांच्या खाली कोमट अन्नात जंतू वाढतात. राजमा या पद्धतीनं करू नका. त्यातलं विषारी द्रव्य मरायला निदान दहा मिनिटं खळखळून उकळी लागते, त्याला कुकरच हवा.

पाणी

आधी गळती शोधा. फ्लशच्या टाकीत बिटाचा रस किंवा खाण्याचा रंग टाका आणि वीस मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर टाकीचं रबर गेलंय, दिवसभर नकळत पाणी वाहतंय. टपकणाऱ्या नळाखाली रात्री बादली ठेवा, सकाळी भरलेलं पाणी पाहिल्यावर प्लंबरला फोन करायला दुसरं कारण लागत नाही.

बेसिनच्या नळाला एरेटर, म्हणजे धारेत हवा मिसळणारी जाळीची टोपी, लावा. साधा नळ मिनिटाला १० लिटरच्या वर पाणी सोडतो, एरेटर ते ३ ते ६ वर आणतो. नळाच्या तोंडाला आतून आटे आहेत की बाहेरून ते बघून घ्या, चुकीचा आणला की परत चक्कर. दर दोन महिन्यांनी काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये टाका, क्षारानं जाळी बुजते. फ्लशची जुनी टाकी मोठी असेल तर लिटरची पाण्यानं भरलेली बाटली आत उभी करा. वीट ठेवू नका, ती झिजते आणि तिचा चुरा रबरात अडकतो.

आरओबद्दल मात्र थांबून विचार करा. हे यंत्र एक लिटर पाणी गाळताना दोन-तीन लिटर फेकून देतं. पिंपरी-चिंचवडमध्ये पवना धरणाचं पाणी येतं. धरणाच्या अशा पाण्यात क्षार मुळात कमी असतात. काही शे रुपयांचं टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं) आणून आपल्या नळाचं पाणी मोजा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएसची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. पालिकेचं पाणी त्याच्या बरंच खाली असेल तर गाळून उकळणं किंवा यूव्हीचं (अतिनील किरणांनी जंतू मारणारं) यंत्र पुरतं. बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्याचं तसं नाही, तिथे प्रयोगशाळेतून तपासणी करून मग ठरवा. आरओ ठेवायचाच असेल तर त्याचं फेकलेलं पाणी बादलीत घ्या आणि फरशी पुसायला, शौचालयात वापरा. झाडांना रोज दिलं तर मातीत क्षार साठतात आणि पानांच्या कडा जळतात.

वीज

महावितरणच्या बिलात युनिटचे टप्पे असतात: १०० पर्यंत, मग ३०० पर्यंत, मग पुढे. वरच्या टप्प्यातलं युनिट सगळ्यात महाग, आणि बचत केलेलं प्रत्येक युनिट आधी वरच्याच टप्प्यातून कमी होतं. म्हणून थोडी बचतही बिलात दिसते.

जुना पंखा ७५ वॅट खातो, बीएलडीसी (कमी विजेवर चालणाऱ्या मोटरचा) पंखा ३० ते ३५. रोज १५ तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला साधारण १८ युनिटं वाचतात. सगळे पंखे एकदम बदलू नका, सगळ्यात जास्त चालणारा पहिला बदला. चालू स्थितीतला जुना पंखा मोडीत काढू नका, कमी वापराच्या खोलीत लावा. १५ लिटरचा २ किलोवॅटचा गीझर पाणी ५५ अंशांपर्यंत तापवायला पंधरा-वीस मिनिटं घेतो, त्यापुढे चालू ठेवून काही मिळत नाही. सेट टॉप बॉक्स भिंतीच्या बटणापासून बंद करा, नुसत्या रिमोटनं बंद केलेला १० वॅटचा बॉक्स महिन्याला सात युनिटं खातो. एसी २६ वर आणि जोडीला पंखा.

गच्चीवर सौर पॅनेल हा एकट्या फ्लॅटचा नाही, सोसायटीचा विषय. जिना, लिफ्ट, पंप यांच्या विजेसाठी प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत सोसायट्यांना किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान ठरवलेलं आहे. एका किलोवॅटला सावली नसलेली साधारण १०० चौरस फूट गच्ची लागते आणि दिवसाला सरासरी चार युनिटं मिळतात. सभेत मांडण्याआधी वर्षभराची सामाईक वीजबिलं आणि दुपारी तीनला पाण्याच्या टाकीची सावली कुठे पडते त्याचे फोटो बरोबर न्या.

मे महिन्यात गावी जाताना

पंधरा दिवस घर बंद राहणार असेल तर निघण्याच्या चार दिवस आधी बादलीत कचरा टाकणं थांबवा. माल एकदा खालीवर करा, मुठीनं ओलावा पाहा आणि वर आठ सेंटिमीटर पाचोळ्याचा थर द्या. झाकण लावा. परातीतलं पाणी ओतून परात कोरडी ठेवा, नाहीतर त्यात डास होतात. परत आल्यावर माल खाली बसलेला आणि कोरडा दिसेल. तांब्याभर पाणी शिंपडून हलवा, दोन दिवसांत परत कोमट होतो.

कुंड्यांसाठी पाण्यानं भरलेली झाकणाची बादली मधे उंचावर ठेवा. जुन्या सुती साडीच्या दोन बोटं रुंद पट्ट्या भिजवून एक टोक बादलीच्या तळापर्यंत सोडा, दुसरं कुंडीच्या मातीत चार बोटं खोल पुरा. पट्टी सुतीच हवी, नायलॉन पाणी ओढत नाही. निघण्याच्या दोन दिवस आधी जोडून बघा, कारण माती किती पाणी ओढते ते प्रत्येक कुंडीचं वेगळं असतं. एका पट्टीनं माती चिखल झाली तर पट्टी अरुंद करा, कोरडी राहिली तर दुसरी जोडा. सगळ्या कुंड्या गॅलरीच्या सावलीच्या भिंतीला एकमेकींना चिकटवून ठेवा, त्यानं पाणी कमी उडतं.